प्रयोगशाळेतून रस्त्यावर : हवामान बदल आणि शास्त्रज्ञांचा सविनय कायदेभंग

हवामान बदलाविषयीचे आपले इशारे अहवालांच्या पानांतच अडकून पडतात, अशी खात्री झालेल्या शास्त्रज्ञांनी उघडपणे, हिंसेचा आश्रय न घेता कायदा मोडावा आणि त्याबद्दलची अटक, खटला किंवा नोकरीवरील गदा स्वीकारावी, हा प्रकार गेल्या दीड दशकात जगाच्या अनेक देशांत दिसू लागला आहे. पांढरा डगला घालून बँकेच्या दाराशी स्वतःला साखळीने बांधून घेणारा भौतिकशास्त्रज्ञ किंवा महामार्गावर बसलेली प्राध्यापिका ही दृश्ये वृत्तपत्रांच्या वाचकांना आता नवी राहिलेली नाहीत. या कृतींमागची परंपरा, त्यांचे संघटित रूप, त्यासाठी मोजावी लागलेली किंमत आणि त्यांवर घेतले जाणारे आक्षेप यांचा हा आढावा.

संकल्पना

शास्त्रज्ञांच्या सार्वजनिक भूमिकेचे ढोबळमानाने तीन स्तर सांगता येतात. पत्रक काढणे, लेख लिहिणे, समितीपुढे साक्ष देणे हा पहिला स्तर. परवानगी घेऊन काढलेला मोर्चा किंवा धरणे हा दुसरा. तिसरा स्तर सविनय कायदेभंगाचा. यात कायदा चुकून मोडला जात नाही, तो सांगून मोडला जातो. कृती लपवली जात नाही. कोणाच्या देहाला इजा केली जात नाही. आणि शिक्षा टाळण्यासाठी पळ काढला जात नाही. रस्ता अडवणे, इमारतीच्या दाराशी बांधून घेणे, काचेवर किंवा जमिनीवर हात चिकटवणे, भिंतींवर शोधनिबंधांची पाने डकवणे, उपोषण करणे ही या आंदोलनांतील नेहमीची साधने आहेत.

हेन्री डेव्हिड थोरो यांच्या १८४९ मधील निबंधाने या विचाराला पश्चिमेत वैचारिक बैठक दिली आणि महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत व भारतात त्याला सत्याग्रहाचे व्यापक, सामूहिक रूप दिले. गोव्याच्या वाचकाला या मार्गाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी पोर्तुगीज सत्तेची सभाबंदी मोडली, तो दिवस गोव्यात आजही क्रांतिदिन म्हणून पाळला जातो.

पूर्वपीठिका

शास्त्रज्ञाने राज्यसंस्थेला उघड विरोध करण्याची आधुनिक परंपरा अण्वस्त्रांच्या प्रश्नातून सुरू झाली. १९५५ मध्ये रसेल-आइन्स्टाइन जाहीरनामा प्रसिद्ध झाला. जानेवारी १९५८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी अणुचाचण्या थांबवण्याची मागणी करणारा अर्ज संयुक्त राष्ट्रांना सादर केला. त्यावर अकरा हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. गणिती व तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहास चिथावणी दिल्याबद्दल १९६१ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांना लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात आठवडाभराची कैद भोगावी लागली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना १९८० च्या दशकात नेवाडातील अणुचाचणी क्षेत्राच्या हद्दीवर निदर्शने करताना अटक झाली होती.

अणुबाँबच्या बाबतीत शास्त्रज्ञांच्या मनात निर्मात्याच्या अपराधाची भावना होती. हवामानशास्त्रज्ञांची गोष्ट वेगळी आहे. संकट त्यांनी घडवले नाही, त्याची मोजदाद मात्र त्यांनीच केली. ज्याने मोजले त्याने ओरडूनही सांगावे की आकडे सुपूर्द करून बाजूला व्हावे, हा या चर्चेतील मूळ प्रश्न आहे.

जेम्स हॅन्सन : साक्ष ते अटक

हा प्रश्न एकाच माणसाच्या आयुष्यात उलगडलेला पाहायचा असेल तर जेम्स हॅन्सन यांच्याकडे पाहावे लागते. १९८१ ते २०१३ या काळात ते अमेरिकेच्या 'नासा'च्या गोडार्ड अवकाश अध्ययन संस्थेचे संचालक होते. २३ जून १९८८ रोजी त्यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. पृथ्वीचे तापमान वाढत आहे आणि ही वाढ नैसर्गिक चढउतार नाही, असे आपण ९९ टक्के खात्रीने म्हणू शकतो, हे त्यांचे प्रतिपादन दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आंतरसरकारी हवामान बदल मंडळाची, म्हणजे 'आयपीसीसी'ची, स्थापना झाली.

पुढील वीस वर्षे हॅन्सन प्रामुख्याने शोधनिबंध आणि साक्षी यांच्याच मार्गाने बोलत राहिले. २००८ मध्ये ते इंग्लंडमधील एका खटल्यात बचाव पक्षाचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. किंग्जनॉर्थ येथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमणीवर चढलेल्या 'ग्रीनपीस'च्या सहा कार्यकर्त्यांवर मालमत्तेच्या नुकसानीचा आरोप होता. त्याहून मोठी हानी टाळण्यासाठी हे केले, हा त्यांचा बचाव ज्युरीने मान्य केला आणि सहाही जण निर्दोष सुटले.

२३ जून २००९ रोजी, सिनेटपुढील साक्षीला बरोबर एकवीस वर्षे होत असताना, हॅन्सन यांना वेस्ट व्हर्जिनियात अटक झाली. डोंगरांचे माथे उडवून कोळसा काढण्याच्या पद्धतीविरुद्ध ते तेथे निदर्शने करत होते. त्यानंतर २०१०, २०११ आणि २०१३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोर त्यांना पुन्हा अटक झाली. २०११ आणि २०१३ मधील निदर्शने कॅनडातील तेलवाळूचे तेल अमेरिकेत आणणाऱ्या 'कीस्टोन एक्सएल' वाहिनीच्या विरोधात होती. २०१३ मध्येच त्यांनी सरकारी सेवेतून निवृत्ती घेतली.

साक्ष आणि अटक यांमधल्या काळात काय घडले, याचे उत्तर हवेच्या नमुन्यांत आहे. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत १९८८ साली वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३५० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. इशारा देऊन झाला, तो मान्यही झाला, आकडा मात्र चढतच राहिला.

संघटित रूप

ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयासमोर पांढरे डगले घातलेल्या शास्त्रज्ञांनी एक घोषणापत्र वाचून दाखवले. सरकारांच्या निष्क्रियतेविरुद्ध अहिंसक कायदेभंगाला पाठिंबा देणाऱ्या या पत्रावर त्या वेळी वीसहून अधिक देशांतील सुमारे चारशे शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. 'एक्स्टिंक्शन रिबेलियन' या चळवळीच्या पार्श्वभूमीवर हे घडले.

२०२० मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने 'सायंटिस्ट रिबेलियन' हा गट उभा राहिला. शास्त्रज्ञांनी केवळ सही न देता स्वतः अटकेची जोखीम पत्करावी, असा या गटाचा आग्रह आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आयपीसीसीच्या आगामी अहवालाच्या तिसऱ्या भागाचा मसुदा या गटामार्फत फुटला. अंतिम सारांशातील शब्दन् शब्द सरकारांच्या प्रतिनिधींच्या संमतीने ठरतो. त्या प्रक्रियेत धार बोथट होण्यापूर्वी शास्त्रज्ञांनी काय लिहिले होते ते लोकांना कळावे, असे समर्थन त्यासाठी देण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या काळात गटाच्या सदस्यांनी शहरातील एक पूल रोखून धरला आणि अनेकांना अटक झाली.

४ एप्रिल २०२२ रोजी आयपीसीसीच्या तिसऱ्या कार्यगटाचा अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. तापमानवाढ दीड अंश सेल्सियसपर्यंत रोखायची असेल तर जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाने फार तर २०२५ पूर्वी कळस गाठून उतरणीला लागले पाहिजे आणि २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ते ४३ टक्क्यांनी घटले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. अहवालापाठोपाठच्या दिवसांत पंचवीसच्या आसपास देशांत हजारांवर शास्त्रज्ञांनी आंदोलने केल्याचे गटाने जाहीर केले. माद्रिदमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांवर आणि दर्शनी भागावर लाल रंगाचे पाणी ओतण्यात आले. लंडनमध्ये ऊर्जा खात्याच्या इमारतीच्या काचांवर शोधनिबंध डकवून काहींनी आपले हात चिकटवले. लॉस एंजेलिसमध्ये ६ एप्रिल रोजी 'नासा'च्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील हवामानशास्त्रज्ञ पीटर काल्मस यांनी तीन सहकाऱ्यांसह जेपी मॉर्गन चेस बँकेच्या इमारतीच्या दाराशी स्वतःला साखळीने बांधून घेतले. जीवाश्म इंधन प्रकल्पांना होणारा बँकेचा वित्तपुरवठा हे त्यांचे लक्ष्य होते. त्या वेळी गहिवरून बोलणाऱ्या काल्मस यांची चित्रफीत जगभर पाहिली गेली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बर्न येथे, रस्ता अडवणाऱ्यांत लोझान विद्यापीठातील प्राध्यापिका ज्युलिया स्टाइनबर्गर होत्या. आयपीसीसीच्या त्याच अहवालाच्या त्या एक प्रमुख लेखिका. अहवाल लिहिणारा हात रस्त्याला चिकटलेला पाहून अनेकांना धक्का बसला, तर अनेकांना तो अहवालाचाच पुढचा परिच्छेद वाटला.

मोजावी लागलेली किंमत

डिसेंबर २०२२ मध्ये शिकागो येथे अमेरिकन जिओफिजिकल युनियनचे वार्षिक अधिवेशन भरले होते. पृथ्वीविज्ञानाच्या अभ्यासकांचा हा जगातील एक मोठा मेळावा. एका सत्राच्या आरंभी पीटर काल्मस आणि मृदाशास्त्रज्ञ रोझ अब्रॅमॉफ यांनी व्यासपीठावर जाऊन, प्रयोगशाळेतून बाहेर पडून रस्त्यावर या, अशा आशयाचा फलक उलगडला. तो क्षणार्धात काढून घेण्यात आला. अब्रॅमॉफ या टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करत होत्या. त्याआधी एप्रिलमध्ये व्हाइट हाउसच्या कुंपणाला बांधून घेतल्याबद्दल त्यांना अटकही झाली होती. शिकागोच्या घटनेनंतर युनियनने दोघांचे संशोधन अधिवेशनाच्या कार्यक्रमातून वगळले आणि चौकशी सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये प्रयोगशाळेने अब्रॅमॉफ यांना नोकरीवरून काढले. कामाच्या दौऱ्यात व्यक्तिगत कार्य करून सरकारी साधनांचा गैरवापर केला, असे कारण देण्यात आले. त्यांच्या बाजूने हजाराहून अधिक शास्त्रज्ञांनी पत्रावर सह्या केल्या.

जर्मनीतील कील येथील अर्थशास्त्र संस्थेचे संशोधक जानलुका ग्रिमाल्दा यांचा मार्ग निराळा होता. पापुआ न्यू गिनीतील बोगनव्हिल बेटावर ते क्षेत्रीय अभ्यासासाठी गेले होते. विमानप्रवासातून होणारे उत्सर्जन टाळण्यासाठी शक्य तेथे जमिनीवरून आणि समुद्रमार्गे प्रवास करण्याचा त्यांचा नेम होता. काम लांबल्यावर संस्थेने त्यांना थोड्या मुदतीत परत येण्यास सांगितले. विमानाने येण्यास त्यांनी नकार दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे हा वाद न्यायालयात जाऊन भरपाईच्या तडजोडीने मिटला. कायदा येथे मोडला गेला नव्हता. मोडली होती ती मालकाची आज्ञा.

या घटना घडत असताना काही देशांतील कायदेही कडक होत गेले. ब्रिटनने २०२२ चा पोलीस व शिक्षाविषयक कायदा आणि २०२३ चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा यांद्वारे आंदोलकांवरील निर्बंध वाढवले. वस्तूला किंवा इमारतीला स्वतःला बांधून घेणे हा आता तेथे स्वतंत्र गुन्हा आहे. तरुण संशोधकांची बहुतेक पदे मुदतीच्या करारावर असतात. परदेशी संशोधकाचा तर व्हिसाही पणाला लागतो. त्यामुळे कायम नोकरी असलेल्या ज्येष्ठाची अटक आणि शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याची अटक यांचे वजन सारखे नसते.

आक्षेप आणि प्रत्युत्तरे

सर्वांत गंभीर आक्षेप विश्वासार्हतेचा आहे. आयपीसीसीचे घोषित तत्त्व असे की अहवाल धोरणास उपयुक्त असावेत, धोरण सांगणारे नसावेत. शास्त्रज्ञ एकदा पक्षकार झाला की त्याच्या मोजमापांकडेही पक्षकाराची मोजमापे म्हणून पाहिले जाईल, अशी अनेकांना धास्ती वाटते. केंब्रिज विद्यापीठातील उल्फ ब्युंटगेन यांनी २०२४ मध्ये लिहिलेल्या लेखात हवामानविज्ञान आणि हवामान-चळवळ यांतील सीमारेषा जपण्याचा आग्रह धरला. आधी ठरवलेल्या उद्दिष्टाने संशोधनाची दिशा ठरू लागली तर विज्ञानाचाच पाया ढासळतो, हा त्यांचा मुद्दा चळवळीच्या समर्थकांनाही सहज झटकून टाकता येण्याजोगा नाही.

दुसरा आक्षेप परिणामकारकतेचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतील वोल्फ्सबर्ग येथे फोक्सवॅगन कंपनीच्या वाहन संग्रहालयात आंदोलकांनी स्वतःला जमिनीला चिकटवून घेतले. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा घालावी, ही त्यांची एक मागणी होती. कर्मचारी रात्री दिवे विझवून निघून गेले, लघुशंकेसाठी भांडेही मिळाले नाही, अशी तक्रार आंदोलकांनी समाजमाध्यमांवर केली आणि जगभर हसे झाले. मागणी मागे पडली, भांड्याचीच चर्चा उरली.

यावरचे उत्तर काही अंशी संशोधनातूनच देण्याचा प्रयत्न झाला आहे. जॉन कॉचर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १,२३५ अमेरिकी नागरिकांना एका काल्पनिक हवामानशास्त्रज्ञाची वेगवेगळी विधाने दाखवण्यात आली. कृतीचे आवाहन केल्याने त्याची विश्वासार्हता सहसा घटली नाही. नवी अणुवीजकेंद्रे उभारा, असे विशिष्ट धोरण त्याने सुचवले तेव्हा मात्र ती घटली. हा प्रयोग विधानांपुरता होता; अटक झालेल्या शास्त्रज्ञाला तोच निष्कर्ष लावता येत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात स्टुअर्ट कॅपस्टिक आणि सहकाऱ्यांनी शास्त्रज्ञांच्या कायदेभंगाचे समर्थन करणारा लेख लिहिला. ज्याला धोक्याची सर्वाधिक माहिती आहे तोच शांत बसला तर धोका तितकासा मोठा नसावा, असे सामान्य माणूस समजतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. म्हणजे मौन हीसुद्धा एक भूमिकाच ठरते आणि तिचीही किंमत विश्वासार्हतेतूनच वसूल होते.

प्रत्यक्षात किती शास्त्रज्ञ या मार्गाने गेले? फाबियान डाब्लांडर आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ११५ देशांतील ९,२२० संशोधकांनी उत्तरे दिली. कायदेशीर निदर्शनांत भाग घेतल्याचे २३ टक्क्यांनी, तर सविनय कायदेभंगात भाग घेतल्याचे सुमारे १० टक्क्यांनी सांगितले. हवामानाच्या प्रश्नाची आस्था असणारेच अशा प्रश्नावलीला अधिक प्रतिसाद देतात, हे लक्षात घेऊनच हे आकडे वाचायला हवेत.

भारतातील अनुभव

भारतात हवामानाच्या प्रश्नावर रस्ता अडवणारा शास्त्रज्ञ विरळा. त्यामागे सेवाशर्तींचा भाग आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील शास्त्रज्ञांना १९६४ चे नागरी सेवा आचरण नियम लागू होतात आणि त्यांत सरकारी धोरणावरील जाहीर टीका व निदर्शने यांवर निर्बंध आहेत. तरीही देहाची बाजी लावणाऱ्या वैज्ञानिकाचे उदाहरण येथे आहे आणि ते पश्चिमेतील कोणत्याही उदाहरणाहून अधिक टोकाचे आहे.

डॉ. जी. डी. अग्रवाल हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले पर्यावरण अभियंते, कानपूर आयआयटीतील प्राध्यापक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य सचिव. नद्यांवरील धरणांचा परिणाम त्यांनी अभ्यासक म्हणून जाणला होता. २००८ पासून गंगेच्या अखंड प्रवाहासाठी त्यांनी अनेक उपोषणे केली. २०१० मध्ये भागीरथीवरील ६०० मेगावॉटचा लोहारीनाग पाला प्रकल्प केंद्राने रद्द केला. २०११ मध्ये संन्यास घेऊन ते स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झाले. जून २०१८ मध्ये हरिद्वार येथे त्यांनी सुरू केलेले उपोषण १११ दिवस चालले आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ऋषिकेश येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा लढा थेट हवामानाचा नव्हता, पण मोजणाऱ्याने पुढे काय करावे, हा प्रश्न तोच होता.

पश्चिम घाटाच्या बाबतीत संघर्ष कागदावरचा होता. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला अहवाल दिला. तो लगेच प्रसिद्ध झाला नाही. माहिती अधिकाराखालील अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय यांनंतर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. आयपीसीसीचा मसुदा फोडून जे साधले गेले, ते येथे कायद्याच्या वाटेने साधले.

गोव्यात २०२० मध्ये मोले येथील अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध चळवळ उभी राहिली, तेव्हा ही दोन्ही रूपे शेजारी दिसली. लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी हे ते प्रकल्प. शास्त्रज्ञांनी आणि प्राध्यापकांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्रे लिहून पर्यावरणीय अहवालांतील उणिवा दाखवल्या. दुसरीकडे नोव्हेंबरच्या आरंभी चांदर येथे हजारो नागरिकांनी रात्र जागवून रेल्वेमार्गावर ठाण मांडले. दुपदरी मार्ग कोळशाच्या वाहतुकीसाठीच हवा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने दुपदरीकरणाच्या विरोधात शिफारस केली आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द ठरवली. अभ्यासकांनी पत्रे लिहिली, लोक रुळांवर बसले आणि निर्णय पुराव्यावर झाला.

मूल्यमापन

शास्त्रज्ञांच्या कायदेभंगामुळे उत्सर्जन किती घटले, असे विचारल्यास आकड्यात उत्तर देता येणार नाही. ज्या बँकांच्या दारांशी साखळ्या बांधल्या गेल्या त्या बँका चालू आहेत. पण या कृतींनी विज्ञानाच्या संस्थांना एक प्रश्न स्वतःला विचारायला लावला आहे. शास्त्रज्ञाची तटस्थता ही मोजमापापुरती असावी की मोजमापाच्या निष्कर्षालाही ती लागू व्हावी? तापमापकाने पक्ष घेऊ नये, याविषयी दुमत नाही. तापमापक वाचणाऱ्या माणसाने घरातल्यांना उठवावे की नाही, याविषयी मात्र अजून एकमत झालेले नाही. रोझ अब्रॅमॉफ यांची नोकरी आणि डॉ. अग्रवाल यांचे प्राण याच मतभेदाच्या जागी खर्ची पडले आहेत.